काशीबाई गणपत यांच्या नावाने पुरस्कार द्या : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : परिचर्या व्यवसाय घडवणाऱ्या व्यक्तींच्या सन्मानाबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिसेविका, म्हणजे वॉर्ड सिस्टर. सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात गेली, शेवटी मेडिसिनच्या पुरुष वॉर्डची इन्चार्ज होते. नोकरीत असते तर हे पत्र 'योग्य मार्गाने' पाठवावं लागलं असतं, म्हणजे मेट्रनच्या टेबलावरून अधीक्षकांच्या टेबलावर आणि तिथून एखाद्या फाइलच्या पोटात. आता थेट लिहायची मोकळीक आहे, ती घेते.

दरवर्षी १२ मेला, परिचारिका दिनी, सगळीकडे साधारण एकच कार्यक्रम होतो. आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंच्या तसबिरीला हार, हातात दिवे, प्रतिज्ञा, मग पाहुण्यांचं भाषण आणि त्यात 'देवदूत' हा शब्द चारदा तरी. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून नाइट करून उतरलेल्या मुलींना थांबवून घेतात. त्या बिचाऱ्या टाळ्या वाजवता वाजवता पेंगतात. नंतर 'उत्कृष्ट परिचारिका' व्यासपीठावर जातात, शाल-श्रीफळ होतं, फोटो निघतो. या मुलींचा मला जराही हेवा वाटत नाही. बहुतेक जणी खरोखर राबणाऱ्या असतात. पण या सगळ्या सन्मानांत मोजली जाते ती रुग्णाच्या उशाशी केलेली सेवा. ही सेवा कशी करायची हे जिने शिकवलं, वॉर्डातल्या कामाचे नियम लिहून काढले, नोंदणीसाठी आणि पदांसाठी वर्षानुवर्षं भांडली, ती बाई त्या व्यासपीठावर सहसा नसते. असलीच तर सूत्रसंचालन करत असते.

गंमत बघा. दिवा हातात धरून आम्ही जी प्रतिज्ञा म्हणतो, ती नाइटिंगेलबाईंनी लिहिलेलीच नाही. अमेरिकेत डेट्रॉइटला परिचारिकांची एक प्रशिक्षण शाळा होती, तिच्या प्रमुख लिस्ट्रा ग्रेटर यांनी समितीला हाताशी धरून १८९३ मध्ये ती आपल्या विद्यार्थिनींसाठी तयार केली. म्हणजे एका शिकवणाऱ्या बाईने. जगभरच्या मुली ती म्हणत आल्या, पण लिस्ट्राबाईंचं नाव माझ्या बॅचमध्ये एकीलाही ठाऊक नव्हतं.

खुद्द नाइटिंगेलबाईंचं तरी काय झालं? क्रिमियन युद्धातल्या इस्पितळात, जिथे रात्री दिवा घेऊन रुग्ण पाहणारी बाई म्हणून त्यांचं नाव झालं, त्या होत्या १८५४ ते १८५६, पुरती दोन वर्षंही नाहीत. त्यानंतरची कित्येक दशकं त्यांनी, बराच काळ स्वतः आजारी असताना, मृत्यूचे आकडे मांडण्यात आणि अहवाल लिहिण्यात घालवली. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना पहिली स्त्री सभासद म्हणून निवडलं, १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा निघाली. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवता इथल्या लष्करी छावण्यांच्या आणि खेड्यांच्या स्वच्छतेवर त्या लिहीत राहिल्या. पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या संस्थेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. एवढ्या सगळ्यातून आपण उचलला तो फक्त दिवा.

आता आपल्या मातीतल्या बाईकडे येते. नर्सिंगच्या इतिहासाच्या पाठात एक ओळ असते : १८९१ साली मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणजे बाई काशीबाई गणपत. परीक्षेत रिकाम्या जागा भरा म्हणून आली की एक मार्क. काशीबाई कुठल्या, त्यांना घरातून कोणी पाठवलं, पुढे त्यांनी काय केलं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्याच १८९१ मध्ये संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय ठरवणाऱ्या, कायद्यावरून पुण्या-मुंबईत रण माजलं होतं. बाईच्या वयाचा प्रश्न चावडीवर चघळला जात असताना एक बाई परक्या माणसांचं अंग पुसायला, जखमा धुवायला, रात्रपाळी करायला शिकते, ही काय चीज असेल! पुढे वीस वर्षांनी, १९११ मध्ये, पुण्याच्या सेवासदन या स्त्रियांच्या संस्थेत नर्सिंगचा वर्ग सुरू झाला, तेव्हाही रमाबाई रानड्यांना मुलींची आणि विधवांची मनं वळवावी लागलीच.

मला शिकवलेल्या बाईंचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते रुचणार नाही. पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंग शाळेत शिकवणाऱ्या ट्यूटर, होत्या. त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट सांगते. आपले श्वास मोजताहेत हे रुग्णाला कळलं की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथेच, नजर घड्याळावर, आणि गुपचूप छातीचं वरखाली होणं मोजायचं, पूर्ण एक मिनिट. अर्धंच मिनिट मोजून दुप्पट करणारी मुलगी बाईंना चार खाटा पलीकडून ओळखू यायची. ओरडायच्या नाहीत, शेजारी येऊन उभ्या राहायच्या. तेवढं पुरायचं.

आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकून आलेल्या, आणि पुस्तकं सगळी इंग्रजीत. बाई घरी मराठी टिपणं काढायच्या, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल करून आणायच्या. ओल्या शाईने आमचे एप्रन काळे व्हायचे, मग युनिफॉर्मच्या तपासणीला त्याच बाई आम्हाला रागवायच्या. ती टिपणं पुढे दुसऱ्या जिल्ह्यांतल्या शाळांत फिरली, झेरॉक्सच्या झेरॉक्स होत होत. निवृत्तीच्या दिवशी बाईंना नारळ मिळाला आणि भिंतीवरचं घड्याळ.

त्यांचं नाव एका पुरस्कारासाठी पाठवायचं आम्ही विद्यार्थिनींनी ठरवलं होतं. फॉर्म आणला तर अर्ज उमेदवारानेच करायचा! सोबत स्वतःच्या कार्याचा अहवाल, फोटो, कात्रणं, गोपनीय अहवाल, चौकशी चालू नसल्याचा दाखला. बाईंनी फॉर्म वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझं कौतुक मीच टाइप करायचं आणि साक्षांकित करून द्यायचं?" फॉर्म तसाच परत आला.

केंद्राचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे, त्याचा मान मोठा आहे. त्याच १९७३ च्या २७ नोव्हेंबरला मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तो भयंकर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली ४१ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं आणि अंगावर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिली नाही. बाहेरच्या माणसाला यात विशेष काय ते कळणार नाही. बिछान्याला खिळलेल्या माणसाची कूस ठरल्या वेळी बदलायची, पाठ धुऊन कोरडी ठेवायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, घास भरवताना ठसका लागू द्यायचा नाही, आणि हे दिवसरात्र, तीन पाळ्यांत. एका पाळीत कंटाळा झाला की तिसऱ्या दिवशी कातडी लाल दिसते. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात मान्य केलं. आता यातल्या कोणा एकीला व्यासपीठावर बोलावून शाल देता येईल का? ज्या पहिल्या होत्या त्या निवृत्त झाल्या, त्यांनी पुढच्यांना ओव्हर दिली, म्हणजे रुग्ण सोपवला, त्यांनी त्यापुढच्यांना. सरकारी पुरस्काराच्या फॉर्ममध्ये अशा कामाला रकानाच नाही.

धाडसाचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. २६/११ च्या रात्री कामा रुग्णालयात वीस गर्भवतींना सुरक्षित जागी नेणाऱ्या अंजली कुलथे यांनी डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपली हकीकत सांगितली, तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर तोच व्हिडिओ फिरत होता. पण मंत्रीमहोदय, बातमी होत नाही अशा कामाची दखल घ्यायला सरकारच लागतं.

म्हणून मागणी करते. काशीबाई गणपत यांच्या नावाने राज्याचा एक पुरस्कार सुरू करा आणि तो व्यवसाय पुढे नेणाऱ्यांनाच द्या : शिकवणारे, मराठीत लिहिणारे, संसर्ग रोखण्याच्या पद्धती बसवणारे, संघटना चालवणारे. यात आमचे ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारकही आले, आणि आडगावी नव्या मुलींना बाळंतपणं शिकवणाऱ्या आरोग्य सहायिकाही. अर्ज मागवू नका. नाव माजी विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी सुचवावं, समितीत निम्म्याहून जास्त परिचारिका असाव्यात. एखाद्या वॉर्डाचं किंवा शाळेचं काम सगळ्यांचं मिळून असेल, तर पुरस्कार त्या सगळ्यांना द्यायची सोय ठेवा. रक्कम किती असावी यावर मला काही म्हणायचं नाही.

दुसरं म्हणजे दप्तर. जुन्या नर्सिंग शाळांची हजेरीपुस्तकं, नोंदवह्या, बॅचचे फोटो कुठल्या तरी कपाटात वाळवी खात पडलेले आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेला सांगून ते गोळा करून घ्या, जुन्या ट्यूटर आणि मेट्रन यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून घ्या. काशीबाईंबद्दल एका ओळीपलीकडे काही हाती लागलं तर तिथेच लागेल.

आणि पुरस्कार देऊन विषय संपवू नका. नर्सिंगच्या जागा वाढतात, पाठ्यनिर्देशिकांची पदं मात्र रिकामी राहतात, हे मी नोकरीभर पाहिलं. मग वॉर्डातल्याच एखाद्या अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला) 'तात्पुरतं' वर्गावर पाठवतात. ती शिकवायला उभी राहते तेव्हा तिच्या वाट्याच्या खाटा दुसरी सांभाळते, आणि दोन्हीकडे कमी पडतं. १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा आला आहे, त्यात राज्य आयोगाची तरतूद आहे. त्या आयोगावर वॉर्डात आणि वर्गात आयुष्य काढलेली माणसं नेमा. स्वतंत्र नर्सिंग संचालनालयाची मागणी आमच्या संघटना कधीपासून करताहेत, तिच्याकडेही बघा. तिथल्या मुख्य खुर्चीवर परिचारिका बसली तर बाईंसारख्यांना त्याहून मोठा मान कुठला?

पहिल्या वर्षीच्या पुरस्कारासाठी माझ्याकडे चार नावं तयार आहेत. त्यांना विचारलेलं नाही, विचारलं तर चौघीही नाही म्हणतील. त्यातल्या दोघी ऐंशीच्या पुढच्या आहेत, तेव्हा समिती नेमायला आपण फार वेळ लावू नये, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका