कात्रणाला खातं देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

आपल्या खोक्यांच्या कारखान्याचे हिशेब तुम्ही हाती घेतलेत, त्या पहिल्याच महिन्यात मला विचारलंत, "खोकी कापताना उरलेलं पुठ्ठ्याचं कात्रण विकून आलेले पैसे 'किरकोळ उत्पन्न' कसे? हाच पुठ्ठा आपण कोणत्या भावानं घेतला होता?" मला उत्तर देता आलं नाही. भंगाराची गाडी भरून गेली की मला चक्क समाधान वाटायचं.

मग तुम्ही कात्रणाचं वेगळं खातं उघडलंत. त्यात पुठ्ठ्याची खरेदी किंमत तर होतीच, शिवाय त्यावर खर्ची पडलेली शाई, वीज, यंत्राचे तास, मजुरी, सगळं वजनाच्या प्रमाणात. १०० किलो पुठ्ठा आत आला आणि ८० किलोची खोकी बाहेर पडली, तर त्या कामाच्या खर्चाचा पाचवा हिस्सा आपण कचरा तयार करण्यावर घातला. इतकं साधं! या पद्धतीसाठी आयएसओ १४०५१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०११ पासून आहे, हे तुम्ही फार नंतर, मी विचारल्यावर सांगितलंत. आधी वही दाखवलीत, म्हणूनच ते डोक्यात शिरलं. मानकापासून सुरुवात केली असतीत, तर मी फाइल बंद करून ठेवली असती.

"कात्रण पुन्हा कागद बनायलाच जातं ना, मग बिघडलं कुठे?" असा वादही मी घातला. कागदाचे तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतात, त्या फेरीला पुन्हा पाणी आणि ऊर्जा लागते, हे तुम्ही न चिडता समजावलंत. पुनर्वापर चांगलाच, पण कात्रण मुळात पडलंच नाही तर त्याहून चांगलं, हे मला तेव्हा उमगलं.

पुढचं काम कारागिरांनी केलं. डायवर, म्हणजे पुठ्ठा कापायच्या साच्यावर, खोकी उलटसुलट बसवून एकाची झडप दुसऱ्याच्या खाचेत आणली. रंग जुळवताना वाया जाणारी शीट पुढच्या जुळवणीला वापरू लागले. यंत्रांना दाबाची हवा पुरवणाऱ्या नळ्यांची गळतीही साबणाच्या पाण्यानं शोधली.

सगळ्यात अवघड गेली ती माझीच सवय मोडणं: "जास्तीची छापून ठेवू, लागतीलच." ग्राहकानं मजकूर बदलला की गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत. टोयोटा मोटार कंपनीचे अभियंता ताइइची ओनो यांनी अपव्ययाचे ७ प्रकार सांगितले आणि त्यांत गरजेपेक्षा जास्त उत्पादन सर्वांत वाईट मानलं. ते का, हे मला गोदामातल्या त्या खात्यानं पटवलं. आता मागणीइतकंच छापतो.

परवा एक कारागीर डायची नवी मांडणी कागदावर काढून घेऊन आला. म्हणाला, "मॅडमच्या खात्यात यानं किती फरक पडेल?" तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात, म्हणून हे मुद्दाम लिहून कळवतो आहे. तो कागद तुमच्या टेबलावर ठेवला आहे.

मनापासून आभार.

तुमचा,
खोक्यांच्या कारखान्याचा मालक