स्क्रू न उघडताच ‘तपासणी’!

महोदय,

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी पंधरा वर्षांचा स्टिरिओ अँप्लिफायर आहे. टीव्हीचा आवाज त्यातूनच ऐकतो. जूनमध्ये डावा स्पीकर अचानक मुका झाला. सीताबर्डीवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, दुसऱ्या दिवशी निकाल हाती : “काका, बोर्ड गेला जी. बत्तीसशे लागतील. त्यापेक्षा नवाच घेऊन टाका ना!” तपासणीचे २०० रुपये देऊन परत आणला. टेबलावर ठेवला तेव्हा दिसलं, झाकणाच्या सहाही स्क्रूंच्या खाचेत धूळ जशीच्या तशी. पेचकस लागलाच नव्हता.

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं काढली. स्ट्रोजर, म्हणजे जुन्या यांत्रिक टेलिफोन एक्स्चेंजचे कॉन्टॅक्ट (वीज जोडणारे धातूचे टोक) साफ करण्यात उमेदीची वर्षं गेली. बिघाड कुठून कुठपर्यंत आहे ते आधी ठरवायचं, हात नंतर लावायचा, ही तिथली शिस्त. म्हणून घरीच बसलो.

बॅलन्सचं बटण मध्यावर आहे ना, ते पाहिलं. (हसू नका, अर्धे अँप्लिफायर इथेच ‘दुरुस्त’ होतात.) मग आवाज कमी करून मागच्या लाल-पांढऱ्या पिना अदलाबदल केल्या. बिघाड वायरीत किंवा टीव्हीत असता, तर आता उजवा स्पीकर बंद पडला असता. पण डावाच मुका राहिला, म्हणजे दोष अँप्लिफायरचा, नाहीतर स्पीकरचा. तीच वायर शेजारच्या ‘टेप’च्या सॉकेटमध्ये लावली, तर दोन्ही स्पीकर खणखणीत! म्हणजे स्पीकर, पॉवरचा भाग, व्हॉल्यूम, ट्रान्सफॉर्मर, सगळं ठीक. मेलं होतं ते एका इनपुटचं एक चॅनेल (डावी बाजू), सॉकेट ते सिलेक्टर (कोणत्या सॉकेटचा आवाज घ्यायचा ते ठरवणारं बटण) एवढ्याच पट्ट्यात. ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्याने ही दहा मिनिटं दिली नव्हती. घरी करून पाहणाऱ्यांनी ‘फोनो’च्या सॉकेटला मात्र हात लावू नये. ते रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असतं, टीव्ही-सीडीचा एक-दोन व्होल्टचा सिग्नल त्यात घातला की आवाज फाटतो.

सिलेक्टर पंधरा-वीस वेळा फिरवला. खरखर झाली, आवाज क्षणभर आला नि गेला. याला निम्मा आपला कूलर जबाबदार. होळीनंतर पाऊस येईपर्यंत त्याच खोलीत बोअरच्या पाण्याची ओलसर, क्षार मिसळलेली हवा आणि धूळ. कॉन्टॅक्ट काळे पडणारच. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारल्यावर खरखर थांबली, पण डावा मुकाच. मग सॉकेटमधली पिन बोटाने किंचित वर उचलली आणि बातम्या डाव्या कानात! सापडला चोर.

प्लग काढला, आत वीज साठवून ठेवणारे मोठे कपॅसिटर रिकामे व्हावेत म्हणून अर्धा तास थांबलो. (“काहून जिवाशी खेळून राहिले?” हे सौभाग्यवतींचं भाष्य अखंड चालू होतं.) उघडून चष्म्यावर भिंग धरलं, तर सॉकेटच्या पायाभोवती शिसाच्या टाक्यात केसाएवढी गोल भेग. वायर ओढून-ओढून पडलेली. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, नवा टाका, काम संपलं. खर्च म्हणाल तर फवाऱ्याचा डबा.

प्रत्येकाने अँप्लिफायर उघडावा असं मी मुळीच म्हणत नाही. आत २३० व्होल्ट आहेत. पण तपासणीचे पैसे घेणाऱ्याने उघडावा की नाही? केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’चं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली क्षेत्रं. चांगलं आहे, पण तो मामला कंपन्यांचा. गल्लीतल्या काउंटरवर काय चालतं, त्याला कोण विचारणार? आमची मागणी साधी आहे. कोणता पार्ट गेला ते पावतीवर लिहा, आणि बदललात तर जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्या. चांगले कारागीर हे आजही न मागता करतात, त्यांची मजुरी मी कधी घासाघीस करून दिलेली नाही.

ती २०० रुपयांची पावती मात्र जपून ठेवली आहे. ‘तपशील’च्या रकान्यात एकच शब्द आहे : चेकिंग.

— एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी, महाल, नागपूर