रद्दीवाले काका, मोठ्यांच्या वाचनवर्गाकडून आभार

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

परळच्या आमच्या वाचनवर्गाचं बरंचसं साहित्य तुमच्या दुकानातून येतं, त्याचे हे जाहीर आभार. स्वस्तात मिळतं हा भाग आहेच. पण गठ्ठ्यातून नेमकं काय बाजूला काढायचं ते तुम्हाला कळतं, त्याचे जास्त.

पन्नाशीच्या बाईंना ससा-कासवाचं पुस्तक दिलं तर त्या वर्गात वाचतील, पण घरी नेणार नाहीत. सुनेसमोर ते उघडायचं कसं? अक्षरओळख झाल्यावर माणसं गळतात ती इथेच. राशिभविष्याचं कात्रण मात्र बिनदिक्कत घरी जातं. दोन-तीन ओळी, रोज नव्या, आणि शब्द तेच तेच: धनलाभ, प्रवास, खर्च, प्रकृती. एकाच राशीची सलग सहा दिवसांची कात्रणं एका पुठ्ठ्यावर लावली की चौथ्या-पाचव्या कात्रणाला ‘प्रकृती’ अडत नाही. तुम्ही अंक तारखेवार बांधता म्हणून हे जमतं. मधले दिवस गळाले की शब्द पुन्हा भेटेपर्यंत विसरलेले असतात. भविष्य खरं की खोटं यावर वर्गात भांडण होतं, ते होऊ द्यावं.

जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या पाककृतींचंही तसंच. चिरून घ्या, परतून घ्या, वाटून घ्या: ‘घ्या’ इतक्यांदा येतं की ते जोडाक्षर वेगळं शिकवावं लागत नाही. आधी फक्त साहित्याची यादी वाचायला द्यायची, एका ओळीत एक जिन्नस. कृती त्यानंतर.

पण सगळ्यात भारी निघाले ते गणेशोत्सव मंडळांचे अहवाल. हे कुणी वाचतं का, असं तुम्हीच म्हणाला होतात. त्यातली वर्गणीदारांची यादी बघा: आडनाव, नाव, खोली नंबर, रक्कम. चाळीतली माणसं ओळखीची, त्यामुळे पहिलं अक्षर लागलं की पुढचं नाव तोंडात येतं, आणि मग ते छापल्याशी ताडून बघता येतं. विठ्ठलमधला ठ्ठ, लक्ष्मणमधला क्ष्म, सुर्व्यांचा रफार, असली अवघड जोडाक्षरं कुरकुर न करता वाचली जातात. शिवाय कुणी किती दिले हे कळतं, ते वेगळंच. एक धोका आहे: माणसं अंदाजाने ठोकून देतात. म्हणून यादीची झेरॉक्स काढून नावांच्या पट्ट्या कापायच्या, मिसळायच्या, आणि एकाच अक्षराने सुरू होणारी दोन नावं शेजारी ठेवायची. प्रकाश आणि प्रमोद. तिथे अंदाज चालत नाही, शेवटपर्यंत वाचावंच लागतं. पाठ असलेल्या अभंगांनाही हाच उपाय.

बातम्यांचे मथळे तेवढे नकोत. अक्षर मोठं दिसतं म्हणून सोपे वाटतात, पण क्रियापद गाळलेलं, ‘मनपा’सारखी संक्षिप्त रूपं, आणि आदल्या दिवशीची बातमी माहीत असल्याशिवाय अर्थ लागत नाही. दिवाळी अंकांतल्या कथाही इतक्यात नकोत. हास्यचित्रं हवीत, एका ओळीच्या मजकुराची. आमची चाचणी साधी आहे. शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त अडले की तो कागद परत गठ्ठ्यात.

गुळगुळीत कागद ट्यूबलाइटखाली चकाकतो, आणि वर्तमानपत्राच्या कागदाला पातळ डिंक लावला की तो फुगतो, मागची शाई पुढे दिसते. म्हणून चारही कोपऱ्यांना घट्ट गोंदाचा ठिपका पुरे. अक्षर बारीक असेल तर झेरॉक्स १४१ टक्क्यांवर काढायची. त्या प्रतीची पुन्हा १४१ वर काढली की अक्षर मूळच्या दुप्पट होतं. एवढं करूनही कुणी कागद हातभर लांब धरत असेल, तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगतो. चाळिशीनंतर पुष्कळदा अडतं ते अक्षर नसतं, डोळे असतात.

आता दोन विनंत्या. सुतळी कडेला करकचून आवळली की पहिल्या रकान्याची अक्षरं फाटतात, तेव्हा गठ्ठ्याला वर-खाली एकेक पुठ्ठा घाला. आणि जानेवारीत कॅलेंडरं येतील ती, तसेच लालबाग, काळाचौकी, नायगावकडचे अहवाल, कितीही जुने असोत, वेगळे ठेवा. त्यांचे पैसे तुम्ही घ्यायला तयार नसता, पण यंदापासून वजन करूनच नेऊ.

आपले,
प्रौढ वाचनवर्गाचे शिक्षक, परळ