नाक चिमटीत धरून प्यायलेला कप

प्रिय ताई,

तुम्ही येऊन गेलात त्याला आज तीन आठवडे झाले. आभार मानायला म्हणून दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा गळा दाटून आला, म्हणून ठेवून दिला. लिहिताना मधेच थांबता येतं, डोळे पुसता येतात. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर, कारण तुम्ही जे केलंत ते चार लोकांना कळावं असं मला मनापासून वाटतं. नाव लिहायचं नाही अशी तंबी तुम्ही दिली आहे, ती पाळते.

दीड वर्षापूर्वी एका साध्या तापातून उठले आणि वास येणं बंद झालं, ते आजतागायत. तेव्हा माझ्याकडे ४३ प्रकारचे चहा होते. वीस वर्षांत एकेक करत जमवलेले, संपले की पुन्हा आणलेले. प्रत्येक डब्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी: कुठला, कोणत्या हंगामाचा, कधी उघडला, आणि शेवटी एका ओळीत त्याचा वास. ‘ओल्या गवताचा’, ‘भाजलेल्या दाण्यांचा’, ‘पिकलेल्या द्राक्षांचा’. ताप गेल्यावर पहिला डबा उघडला, नाक आत घातलं, आणि काहीच नाही. दुसरा उघडला. तिसरा. त्या दिवशी अठराव्या डब्यापर्यंत गेले होते मी.

त्यानंतर जे ऐकून घेतलं ते अजून डोक्यातून जात नाही. एका तज्ज्ञांनी मान वर न करता सांगितलं, ‘डोळे-कान शाबूत आहेत ना? मग झालं तर.’ जवळच्या नात्यातली एक म्हणाली, ‘वासच येत नाही तर एवढा पसारा कशाला? वाटून टाक.’ शेवटी मीच थकले आणि घर लावून देणाऱ्या एका बाईंना पैसे देऊन बोलावलं. त्यांनी पत्र्याचे डबे रिकामे केले, सगळा चहा काचेच्या बरण्यांत भरला, रंगाप्रमाणे रांगा लावल्या आणि खिडकीसमोरच्या उघड्या फळीवर मांडल्या. माझ्या चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या. चीनमधल्या युन्नानच्या पु-अर चहाची, म्हणजे दाबून केलेली, ३५७ ग्रॅमची अख्खी चकती बरणीत मावेना, म्हणून तिचे तुकडे करून हवाबंद कोंडले. दिसायला सुंदर होतं, पण चहाला त्यात जागा नव्हती. चहाला उजेड सोसत नाही, ऊन आणि ओल सोसत नाही, झाकण उघडं राहिलेलं चालत नाही. पु-अर त्यातला वेगळा: तो वर्षानुवर्षं मुरत जातो आणि त्यासाठी त्याला थोडी खेळती हवा लागते. नेमका त्याचाच श्वास कोंडला होता.

आणि मग तुम्ही आलात. चप्पल काढता काढता दारातच थबकलात आणि म्हणालात, ‘धुराचा वास येतोय. लॅपसाँग आहे का घरात?’

होता. चीनमधल्या फुजियानच्या वुयी डोंगरातला, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला लॅपसाँग सूशाँग. त्याच्या बरणीचं झाकण सैल होतं. चहाची पत्ती शेजारचा वास ओढून घेते. मोगऱ्याचा चहा करतात तो पत्तीच्या याच गुणावर: कळ्यांमध्ये पत्ती मिसळून रात्रभर ठेवायची, फुलं उमलताना पत्ती तो वास पिऊन घेते, आणि असं अनेक रात्री. माझ्या फळीवर त्याच गुणाने घात केला होता. महिनोन्महिने घरातला एकेक चहा धुरकट होत गेला होता आणि ते न कळणारी घरात मी एकटी होते. या काळात किती पाहुणे आले, किती कप प्यायले! एकानेही सांगितलं नाही. ‘छान झालाय’ म्हणाले आणि अर्धा कप ठेवून गेले. हे मला त्या बरण्यावाल्या बाईंपेक्षाही जास्त लागलं.

तुम्ही सरळ सांगितलंत. आयुष्यभर चहा चाखण्याचं काम केलेलं माणूस ते; १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती, ६ मिनिटं, म्हणजे चहाचे सगळे दोष वर येतात, अशा पारखीच्या पद्धतीने तुम्ही एकेक तपासत गेलात. १७ चहा गेले. प्रत्येक टाकताना तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, ‘टाकू?’ मी मान हलवल्याशिवाय एकही टाकला नाहीत.

पण मला लिहायचंय ते यानंतरचं.

दार्जिलिंगच्या सेकंड फ्लशचं, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या खुडणीच्या चहाचं, एक पाकीट न उघडलेलं राहिलं होतं. मे-जूनमध्ये बारीक किडे ती पानं चावतात, आणि त्या चाव्याला उत्तर म्हणून झाड जे तयार करतं त्यातून तो द्राक्षासारखा मस्कटेल वास येतो. माझा सगळ्यात आवडता. तुम्ही दोन कप केलेत. मी एक घोट घेतला आणि नेहमीसारखं म्हटलं, ‘गरम आहे. तुरट आहे. बस.’ मला वाटलं आता तुम्हीही म्हणाल, येईल हो वास परत, धीर धरा.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने स्वतःचं नाक घट्ट चिमटीत धरलंत आणि कप तोंडाला लावलात. सवयीने मोठा भुरका मारलात आणि एकदम थांबलात. मग पुन्हा एक घोट. नाक सोडलं नाहीत. दोन घोटांच्या मधे तोंडाने श्वास घेत होतात, डोळ्यांत पाणी आलं होतं, हातातली बांगडी कोपरापर्यंत घसरली होती. अख्खा कप तसाच संपवलात. खाली ठेवलात आणि म्हणालात, ‘खरंच की हो. यात काहीच नाही.’

ताई, दीड वर्षात मला काय होतंय ते कोणीतरी स्वतः पिऊन बघितलं होतं. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ असं आपण सहज म्हणतो. तुम्ही दोन बोटांनी तिथे जाऊन आलात. मी रडले ते दुःखाने नाही, हे तेव्हा सांगता आलं नाही.

पुढचा सगळा दिवस तुम्ही अध्येमध्ये नाक धरूनच चाखत होतात आणि कागदावर टिपत होतात. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि १९०८ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदांनी नाव दिलेली उमामी, म्हणजे सुपासारखी भरीव चव, एवढंच कळतं, बाकी बहुतेक सगळी चव नाकाची, हे मी वाचलं होतं. पण तुरटपणा ही मुळात चव नाहीच, तो स्पर्श आहे, चहातली द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरतात म्हणून तोंड कोरडं पडतं, त्यामुळे तो माझ्यापासून कोणी हिरावलेला नाही, हे तुम्ही सांगितलंत. त्या एका वाक्यावर माझं कपाट पुन्हा उभं राहिलं.

आधी माझे डबे देशांप्रमाणे होते. आता ते जिभेप्रमाणे आहेत. वरच्या कप्प्यात जीभ आवळणारे आसाम. मधे गोडसर, हलके पांढरे. त्याच्या शेजारी ग्योकुरो हा जपानी हिरवा चहा, ज्याची झुडपं खुडण्याआधी सुमारे वीस दिवस सावलीत झाकतात आणि म्हणून त्याची उमामी टिकते. ६० अंशांच्या पाण्यात केला की कडूपणा उतरत नाही आणि जीभ भरून येते. हा मला आज कळतो! पूर्ण नाही, पण कळतो. शू पु-अरही, म्हणजे मुद्दाम आंबवून लवकर मुरवलेला पु-अर, कळतो, त्याचा दाटपणा, घशातून उतरतानाची गुळगुळीत ऊब. त्या चकतीचे तुकडे आता कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, सगळ्यांपासून लांब आहेत. लॅपसाँग दुहेरी झाकणाच्या डब्यात, दुसऱ्या खोलीत. बाकी सगळे पत्र्याच्या अपारदर्शक डब्यांत, काठोकाठ भरलेले, म्हणजे आत हवा कमी. चिठ्ठ्या तुम्ही पेन्सिलने लिहिल्यात, आणि वासाची ओळ जिथे असायची तिथे लिहिलंत: ‘कडेने आवळतो’, ‘गोड मागून येतो’, ‘दाट’. सगळ्यात खालच्या कप्प्यात मोगऱ्याचा चहा आणि उरलेला सेकंड फ्लश. त्यांच्यावर एकच शब्द आहे: ‘थांबा’. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग या चार वासांचा सकाळ-संध्याकाळचा सराव, वास परत यावा म्हणून, मी पुन्हा सुरू केलाय. त्या चार बाटल्या तुम्ही किटलीशेजारी ठेवून गेलात, म्हणून आठवण राहते.

कळवळा बोलून दाखवणारी माणसं पुष्कळ भेटली. त्यांचा राग नाही म्हणणार होते, पण आहे थोडा. समोरच्याचं दुखणं मोठं की छोटं हे ठरवायची त्यांना घाई होती. तुम्ही ते ठरवायच्या भानगडीतच पडला नाहीत. माणुसकी म्हणजे काहीतरी मोठं, खर्चाचं काम असतं असं मला उगाच वाटत होतं; ती नाक धरून एक कप चहा पिण्याइतकी साधीही असते. चांगली माणसं कमी झालीत असं कोणी म्हटलं की मी आता भांडते.

ग्योकुरोचं एक बंद पाकीट फ्रिजमध्ये आहे. गारेगार असताना उघडलं तर पत्तीवर दव धरतं, हे तुमचंच. त्यामुळे तुम्ही कधी येताय ते आदल्या दिवशी कळवा. रात्रीच बाहेर काढून ठेवेन, आणि झाकण तुम्हीच उघडा, म्हणजे कसा वास येतोय ते तुम्ही मला सांगाल.

तुमचीच