मऊ चामड्याचे होल्स्टर कमरेला लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवान्याचे रिव्हॉल्व्हर घेताना माणूस दहा जणांचा सल्ला घेतो. कुठल्या कारखान्याचे, वजन किती, नळी किती लांब, सगळे विचारतो. ते रोज ज्यात राहणार त्या होल्स्टरबद्दल मात्र कुणी काही विचारत नाही. दुकानात मिळते ती रेक्झिनची नाहीतर पातळ चामड्याची पिशवी आणि तिच्या मागे पत्र्याची क्लिप. तीच पँटच्या आत खोचली जाते आणि वर्षानुवर्षे तशीच वापरली जाते. शस्त्राने दगा दिला असे आपण म्हणतो त्यातले बरेच दगे खरे तर या पिशवीचे असतात. म्हणून हे पत्र.

शस्त्र कपड्याखाली ठेवणे ही आपल्याकडे आवडीनिवडीची बाब नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावर नेताना ते होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच बनवलेल्या धारकात असावे लागते. ते पूर्ण झाकलेले असावे लागते आणि बाळगणाऱ्याचा त्यावर नीट ताबा असावा लागतो. लग्नाच्या मांडवात शर्टावरून पट्टा बांधून मिरवणाऱ्यांनी हे एकदा वाचावे. झाकलेले आणि ताब्यात, या दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर पँट आणि अंग यांच्यामध्ये बसणारे आतले होल्स्टर हा चांगला मार्ग आहे. पण ते नीट निवडले तरच.

पहिला गैरसमज चामड्याचा. हात लावल्यावर मऊ लागले की चामडे चांगले, हा हिशेब पाकिटाला आणि बुटाच्या वरच्या भागाला चालतो. होल्स्टरला तो बरोबर उलटा लागू पडतो. बाजारातले मऊ चामडे बहुधा क्रोमने कमावलेले असते. ते ओले करून दाबले तरी आकार धरत नाही, वाळले की पुन्हा लोळागोळा. होल्स्टरला लागते झाडाच्या सालीने कमावलेले चामडे. ते ओले असताना साच्यावर दाबले की वाळताना त्याच आकारात ताठ होते आणि ताठच राहते. यासाठी परदेशी मालाच्या मागे लागायची गरज नाही. कोल्हापुरी चपलेचे म्हशीचे कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, म्हणजे जात तीच. चपलेचा तळ ज्या हातांना जमतो त्यांना होल्स्टर अवघड नाही, फक्त मापे माहीत हवीत.

जाडी सुमारे ३ मिलिमीटर असावी. २ मिलिमीटरचे एकेरी चामडे कमरेच्या दाबाखाली दुमडते. ४ च्या वर गेले तर आकार नीट उमटत नाही आणि पँटच्या आत लाकडाची फळी घातल्यासारखे वाटते. दीड-दीड मिलिमीटरचे दोन थर चिकटवून शिवले तरी चालते, मात्र कड सुटू लागली की ओलावा मधल्या फटीत शिरतो. दोरा मेण लावलेला नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा असावा. टाके इंचाला सहा ते आठ, आणि ते चामड्यात कोरलेल्या खाचेत बसलेले असावेत. वर आलेला टाका घासून तुटतो. शिवण चापाभोवतीच्या कडीला अगदी लागून गेली पाहिजे, कारण शस्त्राला जागेवर धरून ठेवते ती शिवणच.

आता सगळ्यात महत्त्वाचे, होल्स्टरचे तोंड. शस्त्र बाहेर काढल्यावर बेल्टचा दाब आतल्या होल्स्टरला चपटे करू पाहतो. तोंड मिटले तर शस्त्र परत ठेवताना दुसऱ्या हाताने ते उघडावे लागते, आणि तो हात त्या क्षणी नळीसमोर येतो. याहून वाईट म्हणजे वापरून लोळलेली कड आत वळते, चापाच्या कडीत शिरते आणि शस्त्र खाली दाबताच बोटाचे काम चामडे करते. गोळी मांडीत जाते. ज्या पिस्तुलांना वेगळा सेफ्टी खटका नसतो त्यांच्या बाबतीत हे परदेशातही घडलेले आहे. म्हणून तोंडाभोवती चामड्याची दुसरी पट्टी शिवलेली असावी, शक्यतो दोन थरांमध्ये पातळ पोलादी पट्टी घालून. दुकानातच पारख करता येते. रिकामे होल्स्टर पँटमध्ये लावा, बेल्ट नेहमीपेक्षा एक भोक जास्त आवळा, खाली बसा, उठा आणि तोंड बघा. ते उघडे राहिले नसेल तर पैसे परत मागा.

दुसरी पारख चापाची. चापाभोवतीची संपूर्ण कडी दोन्ही बाजूंनी झाकलेली हवी आणि बाहेरून बोटाने दाबून चाप हलता कामा नये. 'सगळ्या पिस्तुलांना चालते' असे लिहिलेले होल्स्टर इथेच नापास होते. सगळ्यांना चालणाऱ्या वस्तूचा आकार कुणाचाच नसतो. डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालणारी सपाट पिशवीही त्याच माळेतली. ३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्यांचे चक्र ही सर्वांत रुंद जागा. चामडे त्या फुगवट्याच्या खाली दाबून बसवलेले असेल तर शस्त्र वर सरकत नाही. पिस्तूल चपटे, त्याला असा फुगवटा नाही. तिथे सगळी पकड चापाच्या कडीपाशी आणि नळीच्या कडांवर मिळवावी लागते. पिस्तुलाचे होल्स्टर रिव्हॉल्व्हरला किंवा उलट वापरणे म्हणूनच चालत नाही.

घोड्यावरून, म्हणजे चाप ओढल्यावर मागून आदळणाऱ्या हातोडीवरून, जाणाऱ्या बटणपट्टीबद्दल मतभेद आहेत. बाहेर घोडा असलेल्या रिव्हॉल्व्हरला ती उपयोगी आहे, पण पट्टी लांब आणि लोंबती असेल तर परत ठेवताना तिचे बटण चापाच्या कडीत जाऊ शकते. पट्टी ताठ असावी आणि उघडल्यावर बाहेरच्या बाजूला उभी राहावी. होल्स्टर घट्ट बसत असेल तर आतल्या प्रकाराला पट्टीची गरज बहुधा पडत नाही, कारण बेल्टचा दाबही मदत करतो. घट्टपणा असा पाहा: शस्त्र पूर्ण रिकामे करा, दोनदा तपासा, होल्स्टरमध्ये घालून गादीवर उलटे धरा आणि हलके हलवा. शस्त्र पडता कामा नये. पण एका हाताने, होल्स्टर वर न ओढता, ते निघालेही पाहिजे.

होल्स्टर वर ओढले जाणे हा क्लिपचा दोष. स्वस्त क्लिपला खाली आकडा नसतो. ती फक्त पँटच्या कडेवर चिकटून बसते आणि ऐन वेळी शस्त्रासह होल्स्टर हातात येते. क्लिप स्प्रिंग-पोलादाची असावी आणि तिचा आकडा बेल्टच्या खालच्या कडेला अडकला पाहिजे. चामड्याचे बटणवाले दोन लूप त्याहून भक्कम, पण काढायला वेळ लागतो. ज्यांना दिवसात दोन-तीनदा कोर्टात, बँकेत किंवा शस्त्रबंदी असलेल्या जागी जावे लागते त्यांना क्लिपच सोयीची. तिथे नियम एकच: होल्स्टर शस्त्रासकट काढायचे, मोकळे शस्त्र गाडीत बसून हाताळायचे नाही. क्लिपचे स्क्रू दर महिन्याला तपासावेत. चामडे दबते आणि स्क्रू ढिले होतात.

बेल्टकडेही पाहायला हवे. ऑफिसला लावतो तो ३ मिलिमीटरचा एकेरी बेल्ट पाऊण किलो वजनाला लोंबतो, होल्स्टर बाहेर कलते आणि मुठीचा उंचवटा शर्टातून दिसतो. दोन थरांचा शिवलेला, दीड इंच रुंद, ५ मिलिमीटरच्या आसपास जाड बेल्ट लागतो. लूप दीड इंची आणि बेल्ट सव्वा इंची असेल तर होल्स्टर वर-खाली खेळत राहते. पँट कमरेत एक-दोन इंच मोठी शिवून घ्यावी, नाहीतर दुपारपर्यंत माणूस होल्स्टर काढून ड्रॉवरमध्ये ठेवतो.

उजव्या हाताच्या माणसाने ते उजव्या कंबरेच्या हाडाच्या किंचित मागे लावावे, मूठ थोडी पुढे झुकलेली. दहा-पंधरा अंशांचा कल पुरे. त्याहून जास्त असेल तर काढताना मनगट वाकडे होते. मूठ बेल्टच्या वर इतकी हवी की तळहात आणि खालची तिन्ही बोटे पहिल्याच पकडीत पूर्ण बसतील. अंगाच्या बाजूला चामड्याचा उंच पदर असावा. तो घाम लोखंडापर्यंत जाऊ देत नाही. फार उंच पदर अंगठ्याला आड येतो, तो कारागिराकडून रापीने, म्हणजे चामडे कापायच्या हत्याराने, उतरवून घेता येतो.

शिवून घेणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. शस्त्र कारागिराकडे सोडून येता येत नाही. परवाना तुमचा आहे, त्याचा नाही. कागदावर बाह्यरेषा काढा, जाडी कॅलिपरने मोजा आणि सुताराकडून त्याच मापाचा लाकडी साचा करून घ्या. नळीच्या वर, नेम धरायच्या पुढच्या माशीपासून मागेपर्यंत ५-६ मिलिमीटरची पट्टी साच्यावर चिकटवा. ती नसेल तर माशी चामड्यात अडकते आणि काढताना चामड्याचा भुगा पाडते. चामडे कोमट पाण्यात भिजवून साच्यावर बोटांनी दाबावे आणि सावलीत वाळवावे. उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवलेले चामडे आकसून तडकते.

नवे होल्स्टर घट्टच असते. रिकाम्या शस्त्राला प्लास्टिकच्या पातळ पिशवीचे दोन थर गुंडाळून रात्रभर आत ठेवा, सकाळी थोडे हलवून पाहा, गरज पडल्यास पुन्हा करा. तेल लावू नका. तेलाने चामडे मऊ होते, आणि सगळी धडपड ते मऊ होऊ नये म्हणून आहे. बाहेरून पातळ मेण पुरे.

आपल्या हवेत लोकांना सर्वांत महाग पडते ती साठवण. होल्स्टर दिवसभर घाम पिते. रात्री शस्त्र त्यातच ठेवले तर तो ओलावा लोखंडाला मिळतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दोन आठवड्यांत गंजाचे ठिपके दिसतात. कमावणीतले आम्ल पितळेलाही लागते. चामड्याच्या गोळीपट्ट्यात महिनोन् महिने ठेवलेल्या काडतुसांवर हिरवा थर येतो, मग काडतूस चक्रात नीट बसत नाही. आचारसंहितेत शस्त्र जमा करताना ते होल्स्टरमध्ये घालून देऊ नका. पुसून, तेलाचा हात फिरवून, कोरड्या कापडात द्या. होल्स्टर उघड्यावर सावलीत राहू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. रोज वापरणाऱ्याने दोन ठेवावीत, एक वाळत असताना दुसरे कमरेला.

शस्त्र परत ठेवायची घाई कधीच नसते. बोट चापापासून दूर, चौकटीवर सरळ. दुसऱ्या हाताने शर्ट वर धरायचा, तोंडाकडे पाहायचे, मगच सावकाश आत. शर्टाचे टोक किंवा जॅकेटची दोरी चापाच्या कडीत शिरून झालेले अपघात मऊ होल्स्टरइतकेच जुने आहेत. परवान्यासाठी आता सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते. त्या प्रशिक्षणात नेमबाजीच्या जोडीला हा अर्धा तास घातला आणि प्रत्येकाला स्वतःचे होल्स्टर आणायला सांगितले, तर निम्मी होल्स्टरे तिथेच बाजूला काढावी लागतील. तोंडाची कड आत वळू लागली, चापापाशी आडवी घडी पडली किंवा उलटे धरल्यावर शस्त्र सरकू लागले, तर ते होल्स्टर रापीने मधोमध कापून टाकावे. धाकट्या भावाला देऊन टाकू नये.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर