जमीन बघायची तर मे महिन्यात बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या पुण्या-मुंबईची पोरं गावाकडं एक-दोन एकर घेऊन तिथंच घर बांधून राहायचं म्हणतायत, चांगलंच आहे, माझा भाचा पण त्याच विचारात आहे. डिसेंबरात आमच्या औसा तालुक्यात जमीन बघून गेला, ज्वारी उभी, विहिरीत पाणी, मालक म्हणतो बारमाही आहे. मी म्हणलं इसार देऊ नको, मे महिन्यात परत ये.

आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी थांबतं ते वरच्या मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत, म्हणून एका बांधाला बोअर लागतो आणि पलीकडं पाचशे फूट खोल गेलं तरी नुसता फुफाटा निघतो. धरणाच्या भरवशावर पण राहता येत नाही, मांजरा आटल्यावर २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, लोक एवढ्यात विसरले का? आणि २०२५ च्या सप्टेंबरात परंड्याकडं उलटं झालं, घरात पाणी आणि रानातली माती खरवडून गेली. म्हणून शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ओढ्याचं पाणी कुठवर येतं.

हजार चौरस फुटाच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर साधारण ६५ हजार लिटर पाणी होतं. चार माणसांना मिळून प्यायला-स्वयंपाकाला रोज ४० लिटर धरलं तर ५ हजार लिटरच्या टाकीत चार महिने निघतात. म्हणजे उन्हाळा. ही टाकी सोलारच्या आधी बांधा.

आता घराचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत शिकत होतो, आमचं माळवद बसलं, आज्जी त्यात गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर हातभर मातीचं ओझं, माणसं त्याखाली दबून मेली. आता व्हिडिओ बघून पोरांना मातीचंच घर पाहिजे असतं, माझा मातीला विरोध नाही, पण छप्पर हलकं ठेवा, पायाशी, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळईचा काँक्रीट पट्टा सलग फिरवा, आणि काळ्या मातीत पाया ठेवू नका, ती पावसात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, खाली मुरूम लागेपर्यंत खोदा.

जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशावरचं विष उतरवायचं इंजेक्शन रात्री दोनला मिळतं का, हे सुद्धा स्वतः जाऊन विचारा, रानात घोणस-मण्यार असतेच.

तुमच्या पेपरमधून एक मागणी करायची आहे. भूजल यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावायला लावा, मे महिन्याचा आकडा मोठ्या अक्षरात, आणि त्याच्याखाली पूर कुठवर आला होता ते पण लिहा. फलक तर प्रत्येक गावात आहेच, खर्च फक्त रंगाचा.

आपला,
एक वाचक, ता. औसा, जि. लातूर