पाणी मागायच्या आधी बॉयलरमागचं गटार बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इचलकरंजीच्या पाण्यावर तुमच्याकडं बातम्या येतात, पत्रं येतात, पण सगळं अडतंय एकाच प्रश्नावर, पाणी आणायचं कुठनं. वारणेचं ठरलं तर दानोळीकर आडवे आले, मग दूधगंगेवरची सुळकूड योजना आली तर कागलकडनं विरोध सुरू झाला, कृष्णेची मजरेवाडीवरनं येणारी लाइन आहे ती गळतीसाठीच जास्त गाजली. पंचगंगा उशाला आहे पण तिचं पाणी काय लायकीचं उरलंय ते 2012 च्या काविळीत सगळ्यांनी बघितलंय. पिण्याच्या पाण्याचा निकाल पुढारी आणि इंजिनिअर लावतील, त्यावर मी शहाणपणा शिकवत नाही. माझा धंदा सायझिंगचा, तेव्हा कारखान्यातल्या पाण्यावर आणि वाफेवर बोलतो, कारण त्यावर कुणी बोलतच नाही. उद्या दानोळीचा नाहीतर सुळकूडचा शेतकरी उठून म्हणाला की तुमच्या कारखान्यांत आहे त्या पाण्याचं तुम्ही करता काय, तर त्याच्यापुढं ठेवायला आपल्याकडं एक धड आकडा नाही.

ज्यांना सायझिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या सुताला खळ लावतात आणि वाफेवर तापलेल्या सिलिंडरवरनं फिरवून सुकवतात. वाफ सिलिंडरला उष्णता देऊन परत पाणी होते, ते पाणी नव्वदच्या आसपास गरम असतं, सॉफ्टनरमधनं, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्रातनं, आधीच गेलेलं असतं आणि डिस्टिल्ड वॉटरइतकं स्वच्छ असतं, म्हणजे बॉयलरला पाहिजे तसलंच. ते परत टाकीत घ्यायला एक पाइप, एक छोटा पंप आणि चालू स्थितीतले स्टीम ट्रॅप (वाफ अडवून नुसतं पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) लागतात, बस. आता थंडीच्या दिवसात पहाटे शेडच्या मागच्या बाजूनं एक चक्कर मारून या, कुठल्या गटारातनं वाफा निघतायत ते लांबनं दिसतं. तेच ते पाणी. ते सोडून द्यायचं आणि बोअरचं नाहीतर टँकरचं गार पाणी विकत घेऊन, परत सॉफ्टनरमधनं काढून, लाकडं जाळून तापवायचं. बॉयलरवाल्यांचा साधा हिशोब आहे, फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला घालायचं पाणी, सहा डिग्रीनं वाढलं की जळण साधारण एक टक्का वाचतं. तीसचं पाणी ऐंशीवर नेलं तर आठ टक्के झाले, आणि पाणी वाचलं ते वेगळंच.

ट्रॅपचं तर विचारूच नका. ट्रॅप उघडा राहिला की वाफ काम न करताच थेट बाहेर, आणि बंद राहिला की सिलिंडरमध्ये पाणी साचून सूत नीट सुकत नाही, मग मशीनचा स्पीड कमी करायचा. आमचा जुना फायरमन स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर आणि मूठ कानाला लावून सांगायचा की हा गेला. असली माणसं आता मिळत नाहीत आणि नव्या पोराला ते शिकवायला कुणाला वेळ नाही.

मग लोक करत का नाहीत? लोकांना अक्कल नाही असं अजिबात नाही. एकेका सायझिंगला, एकेका प्रोसेसला (कापड धुणाऱ्या-रंगवणाऱ्या कारखान्याला) हे एकट्यानं झेपत नाही. चांगला एनर्जी ऑडिटर बोलवायचा तर त्याची फी. आमच्याकडं एकदा एका खासगी कन्सल्टंटचा माणूस येऊन गेला, रिपोर्ट जाडजूड दिला, वाचला तर त्यात कूलिंग टॉवरवर चार पानं, आणि आमच्याकडं कूलिंग टॉवरच नाही!! दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याचा रिपोर्ट नाव बदलून दिला असणार. वर आपला धंदा पडला जॉबवर्कचा. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी ठरलेली, जळण आपलं, शेड बऱ्याच जणांची भाड्याची, मग मालकाच्या शेडमध्ये पाइपलाइनला पैसा कोण घालणार. खर्चीवाल्या, म्हणजे दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाचं तर याहून अवघड, त्याच्या मोटारी दहा वेळा रिवाइंड केलेल्या, कपॅसिटर मेलेले, पण नवीन मोटार म्हटलं की तो महिन्याचं बिल पुढं करतो.

आणि आणखी एक अडचण आहे ती स्वभावातली. एका किलो सुताला जळण किती, पाणी किती, युनिट किती, हे शेजारी शेजाऱ्याला सांगत नाही. सांगितलं की रेट पाडतील ही भीती. आता हेच साखर कारखान्यांचं बघा. कुठल्या कारखान्याचा उतारा किती हे बांधावरच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं, पेपरात येतं, त्यावरनं सभेत चेअरमनला धारेवर धरतात. कुणाचा कारखाना त्यामुळं बुडाला नाही, उलट ज्याचा उतारा कमी त्याला लाज वाटून सुधारावं लागतं. शिवाय कारखान्यांनी टनामागं वर्गणी काढून मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट चालवली, तिथली माणसं येऊन बॉयलरपासून बगॅसपर्यंत (उसाचा चोथा) सगळं तपासून जातात. सहकार काय असतो ते जगाला शिकवणाऱ्या या भागात कापडवाल्यांना असलं काही का सुचू नये?

माझं म्हणणं एवढंच, आपल्या भागातल्या छोट्या कारखान्यांनी मिळून एक मोजणारी टीम ठेवावी. चार इंजिनिअर, दोन अनुभवी फिटर, आणि हत्यारं, म्हणजे धुराचा ॲनालायझर, पाइपावर बाहेरनं लावायचा फ्लो मीटर, हवेची गळती शोधायचं यंत्र, पॉवर ॲनालायझर. ही हत्यारं एका कारखान्याला वर्षातनं दोन-चार दिवस लागतात, मग प्रत्येकानं कशाला घ्यायची. आणि हे नुसतं इचलकरंजीपुरतं नको. सोलापूरच्या चादर-टॉवेलच्या डाइंगला लाकडाचेच बॉयलर आहेत, तिथंही पाणी रोज येत नाही, त्यांचा ट्रॅप आणि आमचा ट्रॅप वेगळा नाही. विटा, माधवनगरच्या मागांच्या मोटारी त्याच. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कॉम्प्रेसरची हवा गळते तशीच आमच्याकडच्या, हवेच्या झोतावर विणणाऱ्या एअरजेट लूमच्या लाइनमध्ये गळते. एक बार प्रेशर कमी केलं तर कॉम्प्रेसरचं सहा-सात टक्के बिल उतरतं, हे फौंड्रीवाले आपल्या आधी शिकलेत. वर्ल्ड बँकेच्या मदतीनं झालेल्या एनर्जी एफिशियन्सीच्या कामात देशातले जे पाच क्लस्टर घेतले होते त्यात कोल्हापूरची फौंड्री होती आणि पुण्याचं फोर्जिंग होतं. त्या अनुभवाचा वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या इचलकरंजीला काय उपयोग झाला? जवळजवळ शून्य, कारण ते लोखंडवाले आणि आम्ही कापडवाले.

काही जण म्हणतील की सीईटीपी, म्हणजे सगळ्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारा प्लँट, आहे की, अजून मोठा करा म्हणजे झालं. करा, पण तिरुपूरचं बघून करा. तिथं 2011 च्या जानेवारीत मद्रास हायकोर्टाच्या आदेशानं सगळी डाइंग युनिट बंद झाली, नोय्यल नदीची वाट लागली होती म्हणून. मग सगळ्यांनी मिळून झिरो डिस्चार्जचे, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडणारे, कॉमन प्लँट उभे केले, सरकारनं बिनव्याजी कर्ज दिलं, आज तिथं पाणी तर परत वापरतातच, डाइंगला लागणारं मिठाचं पाणीसुद्धा परत वापरतात. मानलं पाहिजे. पण शेवटचं खारट पाणी आटवायला तिथं जी वाफ आणि वीज जाते ती बघितली तर डोळे पांढरे होतात, आणि तो खर्च शेवटी किलोमागं बसतोच. म्हणून आधी पाणी कमी वापरा, जिगरवर (कापड रंगवायच्या-धुवायच्या मशीनवर) नळ सोडून ओव्हरफ्लोनं कापड धुण्यापेक्षा शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला घ्या, मग प्लँट केवढा लागतो ते ठरवा. आपण उलटं करतो, आधी टेंडर.

पैसा कुठनं येणार? केंद्राच्या बीईईनं, म्हणजे ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या ब्युरोनं, 2025 च्या जुलैमध्ये अदिती नावाची स्कीम आणलीय, हजार कोटींची, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात पाच टक्के सवलत, मध्यमला तीन, टेक्स्टाईल आणि फौंड्री दोन्ही त्यात बसतात. पण त्यात आधीचा खर्च आणि नंतरचा खर्च मोजून किमान दहा टक्के बचत दाखवावी लागते. ज्याच्याकडं मीटरच नाही तो काय दाखवणार? म्हणजे स्कीम परत मोठ्यांच्याच पदरात पडणार आणि आपण मीटिंगमध्ये सरकारला शिव्या घालत बसणार. मोजणीच्या टीमची गरज इथं सगळ्यात जास्त आहे.

पुढची पायरी म्हणून कॉमन बॉयलरचाही विचार व्हावा. गुजरातमध्ये सचिन, अंकलेश्वरकडं एकाच ठिकाणी मोठा बॉयलर ठेवून पाइपानं आजूबाजूच्या कारखान्यांना वाफ विकतात, मीटरवर, विजेसारखी. आपल्याकडं सायझिंग गल्लीबोळात पसरलीत त्यामुळं सगळीकडं जमणार नाही, पण जिथं शेडला शेड लागून आहे त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये का जमू नये.

नावं जाहीर करायची भीती असेल तर करू नका. पहिल्या वर्षी कारखान्यांना नुसते नंबर द्या, किलोमागं जळण आणि पाण्याचा तक्ता सगळ्यांना वाटा, आपला नंबर ज्याचा त्याला कळेल. गावात डीकेटीईसारखं टेक्स्टाईलचं कॉलेज आहे, तिथली पोरं प्रोजेक्ट म्हणून रीडिंग घेतील, त्यांनाही खरी मशीन बघायला मिळेल. वर्गणी बीममागं (ताण्याचं सूत गुंडाळलेल्या रुळामागं) काढा नाहीतर कापडाच्या मीटरमागं, किती काढायची ते असोसिएशननी ठरवावं. सायझिंग, प्रोसेसर्स आणि यंत्रमागधारक, तिन्ही संघटनांच्या वार्षिक सभा होतातच, यंदाच्या सभेत हा विषय अजेंड्यावर घ्या आणि फौंड्रीवाल्यांच्या दोन जणांना पाहुणे म्हणून बोलवा. सोलापूरला मी माझ्या ओळखीच्या दोन टॉवेलवाल्यांशी फोनवर बोललोय, त्यांची यायची तयारी आहे.

आपला,
एक सायझिंगधारक, इचलकरंजी